लांजेवार साहेबांची अंगठी

बोट क्लबात नोकरीला लागलो त्या पहिल्याच सकाळी मी एका बोटीवरचा केस काढायला गेलो. नुकतीच धुतलेली पांढरीशुभ्र बोट, आणि तिच्या कडेवर एक लांब, काळा, जरासा वळलेला केस. मला वाटलं, पहिलाच दिवस आहे, आपण किती टापटिपीचे आहोत ते दिसू द्यावं. आधी फुंकर मारली. केस हलला नाही. रुमालाने पुसला, तरी नाही. मग नखाने खरवडायला घेतला. नख तुटलं, केस जागच्या जागी. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओढा, ओढा. मुळासकट येईल."

तो केस नव्हता, तडा होता. आणि मागे उभे होते ते लांजेवार साहेब.

साहेब हसले नाहीत. ते कधीच लगेच हसत नसत. हसू साठवून ठेवत आणि चार माणसं जमली की काढत. दुपारी डबा खायला सगळे बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून जाहीर केलं, "हे नंदनवार. नेमणूक तिकीट खिडकीवर, पण ओढा केशकर्तनालयाकडे." पुढची कित्येक वर्षं, तलावावर कोणीही पाहुणा आला की माझी ओळख या वाक्याने होत असे. पाहुण्याला ते दोनदा सांगावं लागलं तर साहेबांना जास्त आनंद व्हायचा.

तड्याचं जरा सांगतो, कारण साहेबांचा सगळा रुबाब त्यावर उभा होता. फायबरच्या बोटीला बाहेरून एक चकचकीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. दुधावर साय असावी तसा, फक्त कडक. त्याच्याखाली काचेच्या धाग्यांचं कापड, राळेत भिजवून थरावर थर बसवलेलं. बोटीची ताकद त्या कापडात. आमचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. काचेच्या धाग्याचंही कापड होतं हे मला इथे येऊन कळलं आणि उगाच आपलेपणा वाटला. नागपूरच्या उन्हात तलाव आटतो, बोटी काठावर पालथ्या पडून भाजत राहतात, आणि पावसाळ्यात बघावं तर अंगभर केसासारख्या बारीक रेघा. त्यातली कुठली नुसती सायीवरची आणि कुठली खाली कापडापर्यंत गेलेली, हे ओळखणं हीच सगळी विद्या. आमच्या तलावावर लांजेवार साहेब त्या विद्येचे एकमेव जाणकार होते, आणि ती त्यांना येत नव्हती.

कधीकाळी ते गोव्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते. तिथे काय शिकवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिथून आणलेली पांढरी टोपी त्यांनी कधी उतरवली नाही. टोपीवर सोनेरी नांगर होता. आमच्या तलावात नांगर टाकला असता तर बहुतेक दिवस तो पाण्याबाहेर दिसला असता. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. आणि उजव्या हाताच्या तर्जनीत पुष्कराजाची जाड अंगठी. गुरू बळकट व्हावा म्हणून ती घातली होती असं ते सांगत. गुरू बळकट झाला असावा, कारण शिष्य कोणाचाही न होता ते थेट गुरू झाले होते.

बोट तपासायचा त्यांचा विधी बघण्यासारखा असे. आधी भिंगातून पाहायचं. मग टोपी मागे सारून, डोळे मिटून, अंगठीने तड्याच्या आजूबाजूला टक टक वाजवायचं आणि तबलजी तबला सुरात लावताना ऐकतो तसा कान वळवायचा. यात तथ्य नाही असं नाही. आतून धड असलेली बोट खणखण वाजते, आतून सुटलेली असली की भद्द आवाज येतो, हे मलासुद्धा वर्षभरात ऐकून कळायला लागलं. अडचण एवढीच होती की आवाज खणखणीत येवो की भद्द येवो, साहेब डोळे उघडून एकच शब्द म्हणायचे, "ठणठणीत."

तड्यांचे त्यांनी प्रकार पाडले होते. हवामानी, वयोमानी आणि किरकोळ. धोक्याचा असा प्रकारच ठेवला नव्हता, त्यामुळे आमच्या तलावावर धोक्याचा तडा कधी सापडला नाही.

दुरुस्तीचं सामान एका बिस्किटाच्या डब्यात असे. पांढऱ्या नेलपॉलिशच्या बाटल्या, कॅनव्हासच्या बुटांना लावतात तो पांढरा रंग, आणि वास चांगला यावा म्हणून टाल्कम पावडर. नेलपॉलिश आणायचं काम माझं. बर्डीच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात मी महिन्याआड जाऊन बाटल्या मागायचो. एकदा दुकानवालीने विचारलंच, "काहून भाऊ, वहिनीले पांढराच रंग आवडते का?" मी म्हटलं, बोटीला लावायचं आहे. तिने मग पुढे काही विचारलं नाही. पण माझ्याकडे बघायची तिची तऱ्हा बदलली.

साहेब बोलायचे अगदी छापील. नागपुरात जन्म, तिथल्याच महाल भागात शिक्षण, पण "करून राहिलो" असं कोणी म्हटलं की दात दुखल्यासारखा चेहरा करायचे. आमचा नावाडी रमेश मेश्राम त्यांच्यासमोर मुद्दाम जास्त नागपुरी बोलायचा. मेश्रामला साहेबांची आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी आम्हा सगळ्यांनाच दिसत होती पण कोणी बोलत नव्हतं. साहेब कधीच बोटीत बसत नसत.

"एकडाव या ना साहेब, चक्कर मारून आणतो," मेश्राम वल्हं पुसत म्हणायचा.

"तज्ज्ञाने अंतर ठेवून पाहावं, मेश्राम. डॉक्टर रुग्णाच्या पोटात बसतो का?"

"नाही बसत. पण साहेब, तुमी तं धक्क्यावरून खाली बी नाही उतरून राहिले."

साहेब दात दुखल्याचा चेहरा करून निघून जायचे.

एकदा कुठल्याशा खात्याचे एक अधिकारी बोटी बघायला आले. मला वाटलं, आज काहीतरी होणार. साहेबांनी त्यांना भिंग दिलं. मग अंगठी काढून त्यांच्याच बोटात घातली आणि म्हणाले, "आपणच वाजवून पाहा." त्या भल्या माणसाने डोळे मिटले, टक टक केलं, कान वळवला आणि म्हणाला, "ठणठणीत वाटते हो." जाताना साहेबांना अंगठी परत मागावी लागली.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग श्रावणातल्या एका रविवारी राजहंस धक्क्याच्या लोखंडी कोपऱ्यावर आदळली.

राजहंस ही आमची सगळ्यात मोठी वल्ह्याची बोट. त्या दिवशी वारं होतं, गर्दी होती, मेश्रामच्या हातातून वळण सुटलं. माणसांना काही झालं नाही. बोटीच्या नाकाशी, खालच्या अंगाला, एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या बारीक रेघांची चांदणी उमटली. मेश्राम म्हणाला, "साहेब, हे काही उन्हाचं नाही जी. मार बसला तिले." साहेबांनी धक्क्यावरून वाकून, भिंग ताणून पाहिलं, अंगठी वाजवली. आवाज असा आला जसा सडक्या भोपळ्यावर टिचकी मारावी.

"किरकोळ," साहेब म्हणाले. "ठणठणीत. नंदनवार, डबा आणा."

मी डबा आणला. दोन बाटल्यांत चांदणी गायब झाली.

मला मात्र त्या दिवसापासून एक काटा टोचत राहिला. खंडेनवमीला आमच्याकडे बोटींची पूजा असते. हत्यारं, यंत्रं, वाहनं पुजतात तशा आम्ही बोटी पुजतो, आणि पूजा झाली की कर्मचाऱ्यांच्या घरच्या बायामाणसांची एक फेरी राजहंसमधून निघते. माझी बायको मंदा दर वर्षी पुढे, नाकाशी बसते. तिथून पाणी चांगलं दिसतं म्हणते.

त्याच सुमारास बोटी बनवणाऱ्या कंपनीचा एक कारागीर पुण्याहून दुसऱ्या कामाला आला होता. मी त्याला सहज म्हणून राजहंसपाशी नेलं. म्हणजे मी नेलं नाही, मी चहाला निघालो आणि तो मागे आला, असं साहेबांना नंतर सांगायचं ठरवलं होतं. त्याने नेलपॉलिश एका फडक्याने पुसून काढलं, आतल्या बाजूने हात फिरवला आणि म्हणाला, "हे उघडावं लागेल. तडा आधी कोरून रुंद करायचा, कापड कुठवर तुटलंय ते पाहायचं, तुटलं असेल तेवढं आतून नवं बसवायचं, मग वरून जेलकोट." पिशवीतून त्याने एक छोटं फिरतं यंत्र काढलं. तेवढ्यात साहेब हजर.

"काय करताय?"

"तडा उघडतोय."

"चांगल्या बोटीला भोक पाडताय आणि वर त्याला दुरुस्ती म्हणताय? उद्या पोट दुखलं तर आमचं पोट फाडाल."

"डॉक्टर तेच करतात, साहेब."

साहेबांनी त्याला गेटपर्यंत स्वतः पोचवलं. परत येऊन माझ्याकडे बघून म्हणाले, "पुण्याचे लोक. यांना जिथे तिथे खोदकाम लागतं. खरं ना, नंदनवार?" मी मान हलवली. माझी मान त्या काळी फार चांगली चालायची. साहेबांनी डबा मागवला, पुन्हा दोन बाटल्या.

घरी मी मंदाला म्हटलं, "या वर्षी तू नको येऊ फेरीला. ऊन बम कडक असते."

"ऊन पंधरा वर्सांपासून असते," ती म्हणाली. "काय झालं ते सांगा."

मी काही सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण असं की तिला कळू नये. तिला कळलं की नाही ते मला कळलं नाही.

खंडेनवमीला सकाळी बोटी धुऊन, नाकं काठाकडे करून ओळीने लावल्या. झेंडूच्या माळा, उदबत्त्या, बायकांच्या नव्या साड्या. मेश्राम पूजेला उभा राहत नाही, त्याच्या घरी ती रीत नाही. तो दर वर्षी म्हणतो, "पूजा तुमी करा, वल्हं मी मारतो. उद्या मले सुटी पाहिजे, दीक्षाभूमीवर जायचं हाये." तो आपला राजहंसच्या पाठीमागे पाण्यात पाय सोडून बसला होता.

बोटींच्या नाकावर कुंकवाने स्वस्तिक काढायचं काम माझ्याकडे होतं. कुंकू भिजवताना माझ्या हातून पाणी जास्त झालं. बाकीच्या बोटींवर कसंबसं निभावलं. राजहंसवर स्वस्तिक काढलं आणि ते जागेवर थांबेना. चारही हात खाली ओघळले, नाकावरून हनुवटीवर, हनुवटीवरून पोटाशी. बघता बघता पुढचा सगळा भाग लालभडक.

"नंदनवार," साहेब म्हणाले, "पूजा सांगितली होती, रंगपंचमी नाही. पुसा ते."

मी रुमाल शोधायला लागलो. मंदाने ओलं फडकं घेतलं आणि सरासरा पुसून काढलं. लाल गेलं, पांढरं वर आलं. आणि मग सगळे बघायला वाकले.

पुसलेल्या जागेवर रेघा उरल्या होत्या. कुंकू आत शिरून बसलं होतं. नेलपॉलिश केव्हाच उन्हात पोपडे धरून गेलं होतं. एका बिंदूतून निघालेल्या बारीक लाल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, पार तळापर्यंत. श्रावणात आम्ही पाहिली होती ती चांदणी बशीएवढी होती. ही परातीएवढी होती.

मंदा फडकं हातात घेऊन उभी राहिली. तिने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी दुसरीकडे बघायला लागलो.

मला वाटलं, सापडले आज साहेब. साहेब पुढे आले, वाकले, भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली. ती टोपी डोक्यावरून उतरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. टोपी काखेत धरून त्यांनी हात जोडले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "आई प्रकट झाली."

तुम्ही हसाल, पण त्या वेळी कोणी हसलं नाही. आमच्या वॉचमनच्या आईने पदर घेऊन नमस्कार केला. कोणीतरी फूल वाहिलं. कोणीतरी नारळ फोडला. माझेही हात जोडले गेले होते, हे मला नंतर लक्षात आलं. साहेबांनी टोपी परत घातली. "या बोटीला आता भय नाही. फेरी हिच्यातूनच निघेल. बसा सगळ्या."

बायका साड्या सावरत पुढे सरकल्या. मी म्हटलं, "साहेब, पण..."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"...प्रसाद फेरीच्या आधी वाटायचा की नंतर?"

तेव्हा मंदा बोलली. आवाज चढवला नाही, काही नाही. "साहेब, देवीच हाये म्हणता तं पहिला मान तुमचा. तुमी बसून या, मंग आमी बसतो."

"हो ना वं," वॉचमनची आई म्हणाली. "मान मोठ्याचाच."

मेश्राम केव्हाच बोटीत चढून वल्ह्यावर बसला होता. "या साहेब. पाट पुसून ठेवला."

"माझा गुडघा जरा..." साहेब म्हणाले.

"गुडघ्याले काय होते, आईच्या मांडीवर तं बसून राहिले," एक जण म्हणाली. बाकीच्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण आता मागे फिरायला वाट उरली नाही.

साहेबांनी बोटीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. एक लाइफ जॅकेट अंगात घातलं आणि एक मांडीवर ठेवायला घेतलं. मग ते बसले. पुढे, नाकाशी, मंदाच्या जागी. देह भारदस्त, बोटीचं नाक तेवढंच खाली वाकलं, आणि त्या लाल रेघा पाण्याखाली गेल्या.

मेश्रामने हळू हळू वल्हं मारलं. सुरुवातीला सगळं छान होतं. टोपी उन्हात चमकत होती, वॉचमनच्या आईने टाळ्या वाजवल्या. मग मेश्राम थांबलेला दिसला.

"साहेब, पाणी येऊन राहिलं जी."

"किरकोळ," साहेबांनी मान न वळवता सांगितलं.

"बुडापाशी येऊन राहिलं."

पाणी बुटात शिरलं असावं. कारण त्यानंतर साहेबांची छापील भाषा एकदम गळून पडली आणि खालून खरे लांजेवार बाहेर आले. काठावरच्या प्रत्येकाला ऐकू गेलं. "मेश्राम, वापस घे गा. लौकर घे बाप्पा. मले पोहता नाही येत."

आयुष्यभर बोटी पास केलेल्या माणसाला पोहता येत नव्हतं. मेश्रामने बोट वळवली. अर्धी भरलेली राजहंस काठाशी येऊन चिखलात रुतली. तिथे पाणी गुडघाभर. पण साहेब उठेनात. दोन्ही हातांनी बोटीची कड घट्ट धरून, मांडीपर्यंत पाण्यात, समोर बघत बसून राहिले. हात थरथरत होता, त्यामुळे अंगठी कडेवर वाजत होती. टक, टक, टक. आणि आवाज भद्द येत होता. साहेबांना तो ऐकू येत असणारच, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. पण तो शब्द काही ते म्हणाले नाहीत.

मेश्राम वल्हं पुसत राहिला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पुढे काही दिवसांत साहेबांनी प्रकृतीच्या कारणाने नोकरी सोडली. पुण्याचा कारागीर पुन्हा आला. त्याने राजहंसचं नाक उघडलं तेव्हा आतलं काचेचं कापड जुन्या धोतरासारखं फाटलेलं आणि ओलंगच्च होतं. आता तिला मोठं भोक पाडून, नीट विणून, नवी साय चढवली आहे. तिची परातीएवढी जागा आजही किंचित जास्त पांढरी दिसते. मी ही सगळी गोष्ट लग्नात, बारशात, सांत्वनाला गेलो तरी सांगतो. "आई प्रकट झाली" म्हणताना टोपी काढायचा अभिनय मला आता चांगला जमतो.

परवा मंदाच्या भावाकडे गेलो होतो. त्याच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या बागेत मुलांसाठी एक फायबरचा हत्ती आहे, पाठीमागून पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरायचं. हत्ती उन्हाने तडकलेला. बागेत पाच-सहा माणसं जमली होती आणि मधोमध ती पांढरी टोपी. नांगराचा सोनेरी रंग उडालेला, बाकी सगळं तसंच. भिंग, अंगठी, मिटलेले डोळे. टक टक टक.

"ठणठणीत," साहेब म्हणाले. मग त्यांना मी दिसलो. चेहऱ्यावर साठवलेलं हसू लगेच उमटलं. लेआउटच्या अध्यक्षांचा दंड धरून ते म्हणाले, "हे आमचे नंदनवार. यांनी एकदा बोटीवरचा केस उपटायला घेतला होता." सगळे हसले. मीही हसलो. अध्यक्षांना ते दोनदा सांगावं लागलं.

मला वाटलं, आता म्हणतील, सोडा मुलांना. तसं म्हणाले नाहीत. भिंग शर्टाच्या खिशात घातलं, टोपी दाबून बसवली आणि धापा टाकत हत्तीच्या पाठीवर चढले. वर जाऊन क्षणभर थांबले. दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. मग एका हाताने टोपी धरलेला तो भारदस्त देह सोंडेवरून, मध्ये एकदा अडकून, पुन्हा सरकून, वाळूत येऊन बसला. उठले, पॅंट झटकली, आणि रांगेत उभ्या मुलांना हाताने खूण केली, या.

परत येताना स्कूटरवर मी मंदाला साहेबांची नक्कल करून दाखवत होतो. घसरताना टोपी कशी धरली होती ते दाखवायला एक हात सोडला, तेव्हा तिने तो परत हँडलवर ठेवायला लावला. शंकरनगरच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तुमी त्याची गोष्ट सांगता, तो तुमची सांगते. बसून मात्र तो एकटाच पाह्यते."